अठराला एकोणीस

"यातलं अर्ध्या-अर्ध्याचं कुठलं?"

प्रश्न मला होता, पण म्हातारा बघत होता चाकाकडे. दुपारचे साडेबारा झाले असतील. टेबलावर दुसरं कुणी नव्हतं. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं लावलेली, आणि आत येताना तिकिटावर मिळालेल्या चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची, पुरचुंडी रुमालात बांधून हातात धरली होती.

"सर, अर्ध्या-अर्ध्याचं म्हणजे?"

"सर नको. काका म्हणा. मराठी दिसता." त्याने माझ्या छातीवरची पट्टी वाचली. "हर्षदा राऊळ. सावंतवाडीकडच्या?"

"वेंगुर्ला."

"मी आजऱ्याचा. नरहर शिंत्रे. वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मला एवढंच सांगा, या खेळात असं कुठलं आहे की ज्यात होण्याची आणि न होण्याची शक्यता बरोबर अर्धी-अर्धी आहे?"

मी तेव्हा पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर डीलर होते. डीलर म्हणजे टेबलाच्या आतल्या बाजूला उभी राहून चाक फिरवणारी, हरलेल्यांच्या चिप्स ओढून घेणारी आणि जिंकलेल्यांच्या पुढे सरकवणारी मुलगी. काळी पँट, सोनेरी जाकीट, केसांचा घट्ट अंबाडा. वेंगुर्ल्याला आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की आमची हर्षदा मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला असते. मीही ते खोटं निमूट चालू दिलं होतं. सव्वीस वर्षांची होते. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात अशी पाळी असायची आणि त्या वेळात बोटीवर फारसं कुणी फिरकत नसे. त्यामुळे बोलायला वेळ होता.

"आकड्यांच्या बाहेर या मोठ्या चौकटी आहेत ना," मी टेबलावरचं हिरवं कापड दाखवलं, "त्या बघा. ही लाल, ही काळी. चाकावर अठरा खण लाल आहेत, अठरा काळे. तुम्ही लालवर चिप ठेवली आणि गोळी लाल खणात पडली, तर ठेवली तेवढीच वर मिळते. एकास एक. काळ्यात पडली तर तुमची गेली."

"म्हणजे अर्धं."

"जवळजवळ."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "जवळजवळ म्हणजे? दुकानदार मला 'साहेब, जवळजवळ किलो आहे' म्हणाला की मी त्याची वजनं जप्त करायचो."

मला हसू आलं. मी चाक हळूच फिरवून त्याच्यासमोर थांबवलं आणि हिरवा खण दाखवला. "हे शून्य. लालही नाही, काळंही नाही. एकूण खण सदतीस. हे आलं तर लालवाले हरतात, काळेवालेही हरतात. सगळं घराचं."

"घराचं?"

"आमचं. कॅसिनोचं. इंग्रजीत हाऊस म्हणतात ना, ते."

त्याने खिशातून लहानशी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि भागाकार केला. पुरा उभा भागाकार, शेषासकट. "सदतीसात अठरा. म्हणजे शंभरात अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. उरले एक्कावन्न पूर्णांक चार. पासंग आहे हो तुमच्या तराजूला."

पासंग मी ऐकला होता, पण बघितला नव्हता. त्याने समजावून सांगितलं. रिकामा तराजू उचलून धरला की एक पारडं जे केसभर खाली राहतं, तो पासंग. लबाड दुकानदार पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवतात. गिऱ्हाईक काटा बघतं, पारड्याचं बूड कुणी बघत नाही. "तुमचं बरं आहे. तुम्ही हिरव्या रंगाने रंगवून सगळ्यांसमोर ठेवलाय. तरी कुणी बघत नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो पाठ वळवून बोलला. "हो, खाली कँटीनला आलोय. चहा घेतो नि येतो." मग फोन ठेवून, माझ्याकडे न बघता, रुमालाची गाठ तशीच हातात धरून निघून गेला. एकही डाव खेळला नाही.

बोटीवर येणारा प्रत्येक जण फोनवर खोटं बोलतो. मी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, त्याच वेळेला. या खेपेस एका दिल्लीच्या जोडप्याचा खेळ रंगात होता. लागोपाठ सहा वेळा काळं आलं होतं. आमच्या टेबलाशेजारी पडदा असतो, त्यावर मागच्या वीस डावांचे आकडे दिसत राहतात. सहा काळे एकाखाली एक बघून त्या जोडप्याने लालवर ढीग लावायला सुरुवात केली होती.

म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "आता लालची पाळी, नाही का?"

आम्हाला शिकवणारे थापा सर म्हणायचे, चाकाला आठवण नसते; पण पाहुण्याला हे आपण होऊन सांगायचं नाही, पडद्याला बोलू द्यायचं. तरी मी त्याला सांगितलं. का सांगितलं, माझं मला ठाऊक नाही. "काका, चाकाला पाळीबिळी कळत नाही. आधी काय आलं ते त्याच्या गावीही नसतं. प्रत्येक वेळेला सदतीसात अठराच."

"शंभर वेळा काळं आलं असलं तरी?"

"तरी."

"म्हणजे दुसऱ्यांचं काय झालं याच्यावरून आपलं काही कळत नाही."

"नाही."

त्याने मान हलवली. सातव्यांदाही काळं आलं. बाई किंचाळली, नवरा उठून गेला. म्हातारा मात्र तिथेच खुर्ची ओढून बसला आणि वहीत काड्या मारत राहिला. लाल, काळं, शून्य. आमच्या पिट बॉसने, म्हणजे त्या भागातल्या टेबलांवर नजर ठेवणाऱ्या फर्नांडिसने, एकदा येऊन विचारलं की हे खेळत का नाहीत. मी म्हटलं, पॅकेजच्या चिप्स आहेत त्यांच्याकडे, खेळतील. दुपार होती, खुर्च्या रिकाम्या होत्या. फर्नांडिसने सोडून दिलं.

चार तासांनी त्याने बेरीज केली. "एकशे तेवीस डाव. लाल अठ्ठावन्न, काळे एकसष्ट, शून्य चार. चाक खरं आहे." एखाद्या वाण्याला शाबासकी द्यावी तशा आवाजात तो म्हणाला. मग एकदम विचारलं, "समजा, कुणी माणूस एकदाच येतो. आयुष्यात एकच डाव खेळतो. त्याला या अठ्ठेचाळीस पूर्णांक सहाचा काय उपयोग?"

 अशा प्रश्नासाठी आमच्या शिकवणीत काही नव्हतं. मी म्हटलं, "एकदाच खेळणारा जिंकतो नाहीतर हरतो, काका."

"बरोबर. त्याला साडेअठ्ठेचाळीस टक्के काही मिळत नाही. शंभर मिळतात नाहीतर शून्य."

जाताना त्याने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मला वाटलं, एकट्या माणसाचा वेळ जात नसेल. माझे वडील वारले तेव्हा मी नववीत होते. या वयाची माणसं चार दिवस आपल्याशी बोलली की मला बरं वाटायचं, आणि ती यायची बंद झाली की वाईट. एवढाच विचार मी केला.

तिसऱ्या दिवशी तो उभाच राहिला. दाढी वाढलेली होती, शर्ट कालचाच होता. टेबलावर मी आणि तो, दोघंच. त्याने रुमालाची गाठ सोडली, सगळ्या चिप्स काढल्या आणि एकावर एक रचून लालवर ठेवल्या. रचताना त्या दोनदा कोसळल्या.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या."

मी चाक फिरवलं, गोळी उलट्या दिशेने सोडली. हजारो वेळा केलेलं काम. गोळी कडेने घरंगळत राहते, तिचा आवाज आधी पातळ असतो, मग जाड होत जातो. मी टेबलावरून हात फिरवून 'नो मोअर बेट्स' म्हटलं. तो चाकाकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. देवाचं नाव असेल, मला वाटलं. गोळी खाली उतरली, एका काळ्या खणाच्या कडेवर आपटून उडाली, लालमध्ये शिरली असं वाटलं, पुन्हा उसळली आणि हिरव्यात जाऊन पडली.

"झीरो," मी म्हटलं. मग त्याचा चेहरा बघून मराठीत, "शून्य आलं, काका."

"लाल नाही ना?"

"नाही."

"नक्की लाल नाही?"

"नाही, काका. शून्य. घराचं." आणि मी त्या चिप्स ओढून घेतल्या.

"घराचं," तो म्हणाला. खुर्चीची पाठ धरून काही वेळ उभा राहिला. मला वाटलं चक्कर आली, पाणी मागवते म्हटलं. त्याने हातानेच नको म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हरलेल्या माणसाचा चेहरा मला चांगला ओळखू येतो. तो तसा नव्हता. मला त्याने दोन्ही हात जोडले. "येतो, पोरी. उपकार झाले." आणि जिन्याकडे चालू लागला, लागोपाठ दोन-दोन पायऱ्या उतरत, घाईने, कुणीतरी वाट बघत असल्यासारखा.

त्या रात्री खोलीवर गेल्यावर मी मैत्रिणीला सांगितलं, आज एक माणूस हरला आणि माझे उपकार मानून गेला. आम्ही दोघी हसलो.

महिना-सव्वा महिना गेला. एक दिवस सकाळी पावणेअकराला धक्क्यावर, आम्हाला बोटीवर नेणाऱ्या होडीपाशी, एक बाई कठड्याला टेकून उभी दिसली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. पोट पुढे आलेलं, सातवा महिना असावा. येणाऱ्या प्रत्येक मुलीची पट्टी वाचत होती. माझी वाचली आणि पुढे आली.

"तुम्ही हर्षदा राऊळ?"

"हो."

"मी रेवती. नरहर शिंत्र्यांची मुलगी. माझ्या बाबांना तुम्ही काय सांगितलंत?"

मला आठवायला क्षण लागला. ते लागलेलं तिने पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते अजून मला दिसतं.

तिथेच, धक्क्यावर, तिने मला सगळं सांगितलं. ती लग्नानंतर इथे गोव्यातच, फोंड्याला राहत होती. आई तिच्याकडे आलेली असताना भोवळ येऊन पडली. तिला पणजीजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर वाचण्याची शक्यता अर्धी-अर्धी. नाही केलं तर ती कधी फुटेल सांगता येत नाही. उद्या फुटेल, दहा वर्षं फुटणारही नाही. तीन दिवसांत ठरवा. सही बाबांची. "आई माझ्यासमोर हो म्हणाली होती. मी तिच्या हाताशी बसून विचारलं, आई, करायचं ना, माझ्या बाळासाठी? तर हो म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाहेरून आले आणि म्हणाले, सही करत नाही, हिला घरी नेतो. मी पाया पडले त्यांच्या. ऐकलं नाही. आजऱ्याला नेलं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी फुटली."

होडीवाल्याने हाक मारली. मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

"तेराव्याला मी त्यांना विचारलं, का असं केलंत? तर म्हणाले, मी कॅसिनोत गेलो होतो. लाल आलं तर ऑपरेशन, असं ठरवून चिप्स ठेवल्या. शून्य आलं. तिथली मुलगी म्हणाली, घराचं. म्हणून घरी आणली." ती हसली, म्हणजे तसा काहीतरी आवाज झाला. "घर म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, ती मुलगी बोलली ते मी ऐकलंय. तुम्ही या आणि सांगा, की घर म्हणजे कॅसिनो. की माझी आई एका शब्दापायी गेली."

मी नाही म्हणू शकले असते. दुसऱ्याच दिवशी माझी सुट्टी होती, मी गेले.

तिने भाड्याची गाडी केली होती. सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढलो. वळणावळणाला ती पोटाखाली हात धरायची, पण एकदाही गाडी थांबवायला सांगितलं नाही. आजऱ्याला बाजारपेठेच्या मागे त्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या खोलीत शिंत्रेकाका घनसाळ, म्हणजे तिकडचा वासाचा तांदूळ, निवडत बसले होते, सूप मांडीवर. तांदळाचा वास खोलीभर होता. मला बघून ते उठले, सूप तसंच खाली ठेवलं. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता.

"हर्षदाबाई," ते म्हणाले. नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"बाबा, यांना मी आणलंय," रेवती म्हणाली. "यांच्या तोंडून ऐका. मी चहा टाकते." आणि ती मुद्दाम आत गेली. मला वाटतं, वडिलांचा पडलेला चेहरा बघायचं धैर्य तिला नसावं.

मी सबंध घाटभर वाक्यं जुळवत आले होते. म्हटलं, "काका, तुमची समजूत चुकली. मी घराचं म्हटलं ते—"

"कॅसिनोचं," ते म्हणाले. "हाऊस. पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत तुम्ही. वहीत लिहिलंय मी."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुमचा या सगळ्यात काही दोष नाही आणि तो तुमच्या डोक्यावर राहू नये. रेवती बाहेर गेली की अंबू, म्हणजे तिची आई, माझा हात धरून म्हणायची, मला घरी ने. तीस वर्षं बालवाडी चालवली तिने. गाणी, गोष्टी, दिवसभर तोंडाचा पट्टा. डॉक्टर म्हणाले होते, वाचली तरी वाचा बहुतेक जाईल. ती म्हणाली, मुकी होऊन जगायचं नाही मला. आहे तेवढं बोलून घेते. मी म्हटलं, मग रेवतीला सांग. तर म्हणाली, तिला कसं सांगू? ती जन्मभर म्हणेल, आईला माझं बाळ बघायची ओढ नव्हती. मी तिला हो म्हणते, तू नाही म्हण. दोष तू घे. शपथ घातली."

"मग कॅसिनोत कशाला आलात?"

"हिंमत होत नव्हती." ते सुपातल्या तांदळाकडे बघत होते. "एकीकडे बायकोला दिलेला शब्द. एकीकडे पोर पाया पडतेय. मलाही ती हवीच होती हो. मुकी का होईना. शेवटी म्हटलं, मी नको, दुसऱ्या कुणीतरी ठरवू दे. डॉक्टर अर्धं-अर्धं म्हणाले, तर कुठेतरी खरं अर्धं-अर्धं मिळेल. तुमच्याकडे आलो. तुम्ही सांगितलंत, लालला अठरा आणि बाकीचे एकोणीस." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "ऑपरेशन मी लालवर ठेवलं, हर्षदाबाई."

मला तरीही लगेच उमजलं नाही.

"नाणं उडवता आलं असतं मला. नाण्याला पासंग नसतो. किंवा काळं आलं तर घर आणि शून्य आलं तर पुन्हा फिरवा, असं म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. लाल आलं तर सही, बाकी काहीही आलं तर घर. अठराला एकोणीस. कुठलं पारडं खाली आहे ते बघून, वहीत भागाकार करून, मी वजन टाकलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खोट्या काट्यावर शिक्का मारला नाही कधी. तेव्हा मारला." त्यांनी मान वर केली. "आणि आता झोपलो की गोळीचा आवाज येतो. वाटतं, लाल आलं असतं तर मी सही केली असती का? का पुन्हा काहीतरी पळवाट शोधली असती? ते मला कळत नाही. एवढं एकच कळत नाही."

मी म्हटलं, "हे रेवतीताईंना सांगा."

"शपथ आहे. आणि तुम्हीही सांगायचं नाही. बापाने जुगार खेळून आईला मारलं, असं म्हणून ती जगू शकेल. चिडेल, रडेल, जगेल. दुसरं घेऊन तिला जगता येणार नाही. पाय जड आहेत तिचे."

"पण ती तुमच्याशी—"

"ते मी बघतो."

रेवती चहाचे कप घेऊन आली. ताटलीत तीनच कप होते, माझा, काकांचा आणि ड्रायव्हरचा; स्वतःसाठी तिने ओतला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. "सांगितलंत?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

"काय म्हणतायत?"

काकाच बोलले. "चूक झाली माझी, रेवती. मला वाटलं, घर म्हणजे घर."

तिने ताटली खाली ठेवली. इतकी हळू ठेवली की कप वाजलासुद्धा नाही. "बाळ तुम्हाला दाखवणार नाही मी," ती म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली.

परतीला तीन तास लागले. तीन तास मी तिच्या शेजारी बसून होते. सावंतवाडी आली तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून एकदाच बोलली. "त्या एकोणीस दिवसांत रोज संध्याकाळी आई फोन करायची. म्हणायची, फोन पोटाला लाव. आणि बाळाला गोष्टी सांगायची. अर्धा-अर्धा तास. मी तिला म्हणायचे, आई, दमशील, बोलू नको एवढं."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी गिळलं. फोंड्याला ती घरापाशी उतरली, मी त्याच गाडीने पुढे पणजीला आले.

मी नोकरी अजून दोन महिने केली. शून्य आलं की माझा आवाज फुटेना. फर्नांडिसने मला पत्त्यांच्या टेबलावर घातलं, तिथेही मागून चाकाचा आवाज यायचा. शेवटी सोडली आणि वेंगुर्ल्याला येऊन काजूच्या कारखान्यात हिशेबाला लागले. लग्न झालं. नवऱ्याला कॅसिनोतल्या नोकरीचं माहीत आहे, शिंत्र्यांचं हे माहीत नाही. रात्री मध्येच मी उठून बसते, तो विचारतो काय झालं, मी म्हणते काही नाही, पाणी पिते. खरं तर मी गाडीत असते. आंबोलीचा घाट उतरत असते आणि शेजारी ती पोटाखाली हात धरून बसलेली असते.

पाच वर्षांनी, गेल्या मार्चात, कारखान्याच्या कामासाठी आजऱ्याला जायचं झालं. काम आटपल्यावर पाय आपोआप बाजारपेठेच्या मागे वळले. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई पापड वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "शिंत्रेसाहेब गेले की. दिवाळीच्या आधी. झोपेतच."

"मुलगी यायची का?"

"नाही हो. बोलणंच नव्हतं. अग्नी द्यायला आली तेवढीच. नातीला आणलं होतं. चार-पाच वर्षांची आहे, पण काय बोलते पोर! थेट अंबूकाकू. ह्यांनी कधी बघितलीच नाही. फोटोसुद्धा नव्हता ह्यांच्याजवळ."

मी त्यांच्याकडून रेवतीचा नंबर घेतला. शपथ जिने घातली ती बाई गेली होती, ज्यांनी घेतली तेही गेले होते. मला कुणी शपथ घातलीच नव्हती, मला फक्त सांगितलं होतं. हे इतकं साधं मला त्या कुलपासमोर उभं राहिल्यावर कळलं.

तिने फोन उचलला. मी नाव सांगितलं. तिने फोन ठेवला नाही. मग मी सांगत गेले. आईने काय मागितलं, वाचा जाण्याचं, शपथ, लालला अठरा आणि बाकीचे एकोणीस. घाईघाईने सांगितलं, मध्ये श्वास न घेता, जणू कुणी हातातून फोन काढून घेईल. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

 मग रेवती म्हणाली, "हे तुम्ही तेव्हा गाडीत का नाही सांगितलंत?"

माझ्याकडे कारणं होती. पाच वर्षं मी ती मनाशी घोकली होती. त्यांतलं एकही मी बोलले नाही.

पलीकडे एक लहान मुलगी कुणाला तरी मोठमोठ्याने गोष्ट सांगत होती, मध्येच चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. रेवतीने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.